गिधाडं उतरली नाहीत

वादळानंतर आमच्या पलटणीची एक तुकडी मदतकार्यासाठी दिवेआगरला आली. मी तेव्हा हवालदार होतो. माझं गाव तिथून जवळच, डोंगराच्या आतल्या बाजूला, म्हणून वाट दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी सहाला हजेरीचं फॉल-इन, मग दिवसभर पडलेल्या पोफळी कापायच्या. कुऱ्हाडीशी माझं सूत कधीच जमलं नाही. साताऱ्याचा लान्स नायक दशरथ म्हणायचा, "उस्ताद, झाड मरंल, पण हसून हसून."

तिसऱ्या दिवशी दशरथ आणि त्याचा जोडीदार डोंगरातल्या एका वाडीकडचा रस्ता मोकळा आहे का ते बघायला गेले. जोडीदाराचा पाय मुरगळला. त्याला बसवून दशरथ वायरलेस सेट घेऊन एकटाच पुढे गेला.

"घळीपाशी आहे. झाडं आडवी पडलीत. ओव्हर."

त्यानंतर सेटवर नुसती खरखर.

दुपारी सर्च पार्टी निघाली. घळीच्या काठाने हाका मारत गेलो, पण तो कुठे दिसला नाही. मेजर साहेब नकाशा बघत होते, मी आभाळ. आमच्याकडे अजून गिधाडं आहेत. उंच झाडांवर घरटी करतात, वर्षाला एकच अंडं घालतात. कुठे काही मेलं की एक उतरतं, त्याला बघून बाकीची. आभाळ मोकळं होतं.

सोबत आलेले गावातले गणपतमामा म्हणाले, "गिधाडं उतरली न्हायत. पोरगा जिता हाय."

मीही तीच आशा धरून चाललो होतो.

तेवढ्यात माळाच्या बाजूला एक गिधाड घिरट्या घालत खाली गेलं. पाठोपाठ दुसरं, तिसरं. आम्ही पळत सुटलो.

माळावर गाय होती, गोठा पडून मेलेली; मामांनी ओळखली. मला हसूच फुटलं. मग गवतात ओढत आणल्याची खूण दिसली. लहानपणी आम्हीही मेलेलं ढोर असंच ओढत माळावर टाकायचो. कारण या गिधाडांची सगळी भिस्त डोळ्यांवर, वासाचं त्यांना काही कळत नाही. दाट झाडाखाली पडलेलं त्यांना दिसतच नाही. माझं हसू तिथेच आटलं.

"साहेब, घळीत चला. वरून जिथलं दिसत नाही, तिथे."

घळीतली जांभळीची दाटी वादळानेही उघडी पडली नव्हती. दशरथ तिच्याखाली होता. वर अडकलेली मोडकी फांदी सुटून त्याच्या डोक्यात बसली होती. सेट हातातच होता. मी माझ्या सेटवरून कळवलं.

"मिळाला. स्ट्रेचर पाठवा. घाई नको. ओव्हर."

त्याच्या गावी अंत्यविधीला मी गेलो आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं, गिधाडांचंसुद्धा. आता मी रिटायर होऊन गावीच असतो. दरवर्षी त्या दिवशी त्याच्या आईंना फोन करतो. गुडघ्यांचं, पीकपाण्याचं बोलणं होतं. फोन ठेवताना त्या दरवेळी तेच विचारतात.

"पाखरांनी शिवलं नव्हतं ना रं माझ्या लेकराला?"

"नाही, आई. झाडी दाट होती."

"बरं झालं," त्या म्हणतात.