साडेचारची मीटिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. बोलण्यासारखं काही घडलंय असं मलाच वाटत नव्हतं — गेल्या रविवारपर्यंत.

वेंगुर्ल्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. मला फार चर्चा जमत नाहीत. काम पुढे आलं की उरकते. म्हणूनच माझी मुलगी मुग्धा चौथीत असताना शाळेने मला पालक समितीवर घेतलं आणि स्कॉलरशिपच्या जादा वर्गाचं काम माझ्याकडे सोपवलं. शिक्षक एकच, जागा थोड्या. ज्यांचे पालक मीटिंगला येऊन घरी अभ्यास घ्यायचं कबूल करतील, त्यांचीच मुलं घ्यायची — हा नियम माझा. वाईट होता का? आईबापांनी लक्ष दिलं की पोर पुढे जातं, हे मला आजही पटतं. मग सांगतेय कशासाठी?

वेळेसाठी. मीटिंगची वेळही मीच ठरवली होती. संध्याकाळी साडेचार.

बंदरावर मासळीचा लिलाव त्याच सुमाराला असतो. विकणाऱ्या बायकांनी तेव्हा मासळी उचलली नाही, तर त्या दिवशी त्यांच्याकडे विकायला काही नाही. मला माहीत नव्हतं? मी रोज तिथेच मासे घ्यायला जायचे.

रजनीकडून घ्यायचे. तिची सायली मुग्धाच्या वर्गात. गणितात मुग्धाच्या पुढे — थोडी नाही, चांगलीच पुढे. माझ्यासाठी बांगडे निवडता निवडता रजनी म्हणाली, "वैनी, मीटिंग सकाळची ठेवा मा. लिलाव सोडून माका येवक जमाचा नाय."

"बघतंय गो," मी म्हटलं.

बघायचं काय होतं त्यात? हेडमास्तरांना एक शब्द सांगायचा होता. मी विसरले नाही. सांगितला नाही.

रजनी आली नाही. तिचं नाव निघालं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बोलावलं होतं. या लोकांना पडलेलीच नसते." सगळ्यांनी माना हलवल्या. सायलीचं नाव गळलं. मुग्धा माझ्या शेजारीच बसली होती.

मुग्धाला स्कॉलरशिप मिळाली. सायली दहावीनंतर माझ्याच कारखान्यात काजू सोलायला आली. तिला ठेवून घेतलं म्हणून रजनी सुरमई घेऊन घरी आली. "तुमी पोरीक हात दिलास," म्हणाली. ती सुरमई मी तळली. आम्ही खाल्ली.

मुग्धा आता कुणकेश्वरच्या बाजूला एका शाळेत शिकवते. रविवारी घरी आली होती. जेवताना सांगत होती — मच्छीमारांच्या घरचं कुणी मीटिंगला येत नाही, म्हणून त्यांची मुलं ती जादा वर्गाला घेतच नाही. "तूच म्हणाली होतीस ना, आई, या लोकांना पडलेलीच नसते."

मी ते वाक्य एकदाच बोलले होते. एकदाच. चौथीतल्या मुलीने ते इतकी वर्षं जपून ठेवलं?

"मीटिंग किती वाजता ठेवतेस?"

"साडेचारला. शाळा सुटली की. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि तिला भात वाढला.

सोमवारी पहाटे ती परत गेली. रोज फोन येतो, आम्ही बोलतो. साडेचारच्या लिलावाचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिची पुढची मीटिंग शुक्रवारी आहे.