गच्चीवरची चढाई

तुरीच्या भुसकटाचा कोरडा, किंचित तुरट वास गच्चीवर पसरलेला असे, उन्हाची तिरपी पट्टी पाण्याच्या टाकीवरून उतरून कठड्याला टेकलेली असे, आणि त्या मावळत्या प्रकाशात माझी मुलगी सुजाता एका श्वासात ‘कबड्डी, कबड्डी’ घोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असे. खाली मी शाळेच्या वह्या तपासत बसलेलो. माझ्या डोक्यावरून तो आवाज सरकायचा, आधी स्वच्छ, मग दाट, आणि शेवटी तळाला लागलेल्या घागरीसारखा खरखरीत. तिचा दम सुटेपर्यंत मीही नकळत श्वास धरून बसायचो. गेल्या वर्षी पावसाळा सरला आणि तो आवाज थांबला. चढाई करणारी सुजाता कॉलेजच्या संघात डाव्या कोपऱ्यात गेली, पकड करायला. पकड करणाऱ्याला घोकावे लागत नाही. त्याने गप्प राहून समोरच्याचे पाय तेवढे पाहायचे असतात.

तो आवाज मी थांबवला होता.

जिंतूरच्या मैदानावरचा एक सराव सामना त्याला कारण झाला. ती मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेली, एकीला शिवून वळली, आणि तेवढ्यात साऱ्या मुली तिच्यावर कोसळल्या. त्या ढिगाऱ्याखालून तिचे घोकणे काही क्षण येत राहिले, मग विझले. उठली तेव्हा गुडघ्याला माती आणि रक्त एकजीव झाले होते, आणि ती हसत होती. मला मात्र पुढे कित्येक दिवस ते विझणेच ऐकू येत राहिले. बोरीच्या शाळेकडे जाताना, फळ्यावर लिहिताना, संध्याकाळी विहारात वंदनेला बसल्यावरसुद्धा. माझी भीती गुडघ्याची आहे, असे मी स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे ती एकटी पलीकडे गेलेली मला पाहवत नव्हती. सारे आपले मागे ठेवून, परक्यांच्या अंगणात जाऊन, त्यांना शिवून परत येण्याची तिची ती बेफिकिरी माझ्यात कधीच नव्हती.

एका सकाळी तिच्या कबड्डीच्या सरांना बाजारात गाठले.

“सर, पोरीला जरा मागं ठेवा. चढाईला नका पाठवू.”

“गुरुजी, लय तयारीची चढाई हाय हो तिची. अशी पोरगी मला पुन्हा भेटायची न्हाई.”

“तरी पण. आन् मी बोललो म्हणून तिला कळू देऊ नका.”

सरांनी हातातली मेथीची जुडी पिशवीत कोंबली आणि मान डोलावली. भला माणूस. शिक्षकाने शिक्षकाला घातलेली गळ त्यांना मोडवली नाही. पण मुलीला कारण तर द्यायला हवे होते. त्यांनी सांगितले, तुझे पाय मंद पडलेत.

या एका वाक्याने काय केले, ते मी घरात बसून पाहिले. ती पहाटे कालव्याच्या रस्त्याने धावू लागली. भाकरी अर्धी टाकून उठू लागली. “पोरगी खाली पायाकडं बघत चालायलीय, तुमी काई विचारा की तिला,” असे तिची आई म्हणायची, आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटायचो. ज्या पायांना तिने कधी वेगळे मानले नव्हते, त्यांच्याकडे ती आता उधारीवर आणलेल्या वस्तूसारखी संशयाने पाहत होती. आणि तरीही कोपऱ्यात ती घडत गेली. घोट्यावर झेप घ्यायची तिची रीत अशी, की आलेली मुलगी रेषेपासून वीतभर अंतरावर अडकून पडे.

या हिवाळ्यात वालूरला त्यांनी स्पर्धा जिंकली. सर्वांदेखत सर म्हणाले, “मागं आणली म्हणून घडली,” आणि माझ्याकडे न पाहता चहाचा कप पुढे केला. मी तो घेतला. शेजारी एक नवी मुलगी सुजाताला विचारत होती, ताई, तुमी चढाई का सोडली? आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज ती म्हणाली, “माझे पाय मंद हायत गं.” मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गच्चीवर तूर गोळा करत होती. मी वर गेलो आणि सारे सांगितले; बाजार, मेथीची जुडी, माझी अट. तिचा हात तुरीत तसाच राहिला.

“म्हणजे माझे पाय मंद नव्हते?”

“नव्हते.”

“आन् मी कालव्यावर पळायले ते तुमी खिडकीतून बघत होता.”

मी मान हलवली. तुरीची रास कडेला सारून तिने जागा मोकळी केली, खराट्याच्या दांड्याने भुसकटात एक रेषा ओढली, आणि कोपऱ्यात जाऊन वाकून उभी राहिली.

“या, पप्पा. चढाई करा.”

“अगं, या वयात...”

“दम धरून या. बघू तुमचे पाय.”

मी रेषा ओलांडली. कबड्डी, कबड्डी म्हणत दोन पावले गेलो असेन. पलीकडे इतके एकटे वाटते, हे मला ठाऊक नव्हते. परत वळलो, तोच माझा घोटा तिच्या दोन्ही हातांत होता. मी खाली आलो, सावकाश. तिने मला आपटू दिले नाही, आणि सोडलेही नाही. कपाळ भुसकटात, रेषा समोरच. तोंडात शब्द आहे तोवर चढाई संपत नाही, हे एवढ्या वर्षांत ऐकून माहीत होते, म्हणून मी घोकत राहिलो. फुटक्या, केविलवाण्या आवाजात. मागे तिचा श्वास जोरजोरात चालला होता. त्या पकडीत राग होता की सांभाळणे, मला कळेना. आणि ते कळेपर्यंत दम सुटू नये, एवढेच त्या क्षणी मला हवे होते.