खिशात राहिलेला फ्यूज

बाजारात त्याला सगळे भिंगरी म्हणत. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या माणसाला बैठक हवी. याला ती कधी साधली नाही. जेवता जेवता उठून नळ नीट बंद आहे का ते बघून येई. एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं असताना रस्त्यावरच्या दुसऱ्या गाडीचा हॉर्न कानावर पडला, की तिथूनच ओरडे, "अरे, रिले चिकटलाय तुझा!" हात मात्र फार स्वच्छ. त्याने ओढलेली वायर सरळ जायची, टेप कुठे सुटायची नाही. बायको म्हणायची, "अहो, हातात आहे ती शांती थोडी पायांनाही द्या की."

त्याची धाकटी बहीण जीप चालवायची. खालच्या गावातून माणसं घ्यायची आणि डोंगरापलीकडच्या गावात सोडायची. सकाळची फेरी तिची ठरलेली होती. संध्याकाळची फेरी चालवणारा म्हातारा ड्रायव्हर थकून घरी बसला, तेव्हा तीही हिने मागून घेतली. भिंगरीला ते मुळीच पसंत नव्हतं.

"संध्याकाळी वर धुकं उतरतं. हाताचं बोट दिसत नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर दिवे लावून दे म्हणते. सगळ्या बाजाराच्या गाड्यांना उजेड देतोस आणि सख्खी बहीण चाचपडत गाडी चालवते. शोभतं का तुला?"

मग त्याने दिवे आणून ठेवले. पहिल्या संध्याकाळच्या फेरीच्या दिवशी दुपारीच जीप दुकानासमोर उभी राहिली. "दादा, आज बसतील ती माणसं उद्या चार जणांना सांगतील. आज नीट पार पडायला हवं," एवढं बोलून ती बाजारात गेली.

धुक्यात रस्ता दाखवणारे हे फॉग लाइट थेट हेडलाइटच्या वायरीला जोडले की काम झटपट उरकतं. बरेच जण तसंच करतात. भिंगरी कधी करत नसे. हेडलाइटची वायर आणि तिचा फ्यूज दोन दिव्यांचं ओझं वाहण्यापुरते असतात. त्यावर आणखी दोन दिवे चढवले की थोडा वेळ सगळं झकास दिसतं, मग फ्यूज उडतो आणि चारही दिवे एकदम जातात. म्हणून तो बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणायचा, तिला तिचा स्वतःचा फ्यूज द्यायचा आणि मध्ये रिले, म्हणजे खुणेवर चालणारा स्विच, बसवायचा. हेडलाइटच्या वायरीने रिलेला नुसती खूण करायची, वीज बॅटरीने पुरवायची.

दिव्यांचा रोख ठरवताना मात्र तो दोन टोकांना चिमटे असलेली एक तात्पुरती वायर लावायचा. एक चिमटा हेडलाइटच्या वायरीला, दुसरा फॉगच्या. समोरच्या भिंतीवर उजेड पाडायचा, दिवे खालीवर करून नट आवळायचे, चिमटे काढायचे आणि अगदी शेवटी नव्या वायरीत फ्यूज बसवायचा. तोवर तो निळा फ्यूज शर्टाच्या खिशात.

त्या दिवशी रोख ठरला. भिंतीवर दोन पिवळे पट्टे अगदी समपातळीत पडले. चिमट्याकडे हात जातो न जातो तोच शेजारच्या वेल्डरने हाक मारली, "भिंगरी, जरा ये रे, मशीन झटका मारतंय!"

पाय लगेच तिकडे वळले. वेल्डरच्या मशीनचं झाकण उघडून तो आत बघत असताना बहीण परत आली. तिच्यामागे चार प्रवासी होते. तिने दिवे लावून पाहिले, छान लागले.

"दादा, झालं का रे?"

"झालं, झालं!" तो आतूनच ओरडला. त्याच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त वेल्डरची सैल झालेली अर्थिंगची वायर होती.

तिने बॉनेट पाडलं आणि गाडी काढली.

तासाभराने बायको चहा घेऊन दुकानात आली. कप घ्यायला तो वाकला आणि खिशातून काहीतरी टपकन फरशीवर पडलं. बायकोने उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे घ्या, सांडताय."

निळा फ्यूज होता तो. भिंगरी त्याच्याकडे बघतच राहिला.

"अहो, काय झालं?"

"चिमटे तसेच राहिले. सगळा भार हेडलाइटच्या वायरीवर आहे."

"म्हणजे दिवे लागलेच नसतील?"

"लागले, हाच तर घोळ झाला! लागले नसते तर तिने गाडी हलवलीच नसती."

त्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन पुढच्या कप्प्यात टाकून ठेवायची, उचलायची नाही. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. मग चहा तसाच टाकून त्याने खिशात दोन-चार जादा फ्यूज कोंबले आणि स्कूटरला किक मारली.

"अरे, दुकान उघडं आहे!" वेल्डर ओरडला.

"वहिनी आहे तुझी!"

चढ लागेपर्यंत तो मनाशी हिशोब करत होता. वाटेत दोन थांबे, प्रवाशांची चढउतार, म्हणजे आत्ता ती जेमतेम अर्ध्यावर असेल. खाली अजून उजेड होता, दिव्यांची गरज नव्हती. खाणीच्या वळणापासून धुकं. म्हणजे दिवे तिथे लागणार. फ्यूज पाच मिनिटं तग धरेल. दहा? दहा नाही धरणार. की धरेल? आणि चिमटा हादऱ्याने निसटून पत्र्याला टेकला तर? प्रत्येक वळणावर तो हिशोब नव्याने मांडायचा आणि प्रत्येक वेळी उत्तर निराळं यायचं. स्कूटर चढाला कण्हत होती. तो सीटवर पुढे सरकून बसला, जणू त्यामुळे ती लवकर पोचणार होती.

खाणीच्या वळणाला धुक्याने त्याला गिळलं. चष्मा ओला झाला. पुसला, पुन्हा ओला. शेवटी चष्मा खिशात टाकला आणि कडेचे पांढरे दगड मोजत निघाला. मध्येच थांबून, इंजिन बंद करून कान दिला. काहीच ऐकू येईना. पुन्हा किक. पुढच्या वळणावर पुन्हा थांबला. आता माणसांचे आवाज आले. कोणीतरी चढ्या आवाजात बोलत होतं. एवढा राग त्याला आयुष्यात कधी गोड लागला नव्हता. रागावलेला माणूस म्हणजे जिवंत माणूस.

जीप डोंगराच्या बाजूला टेकून उभी होती. मागचे लाल दिवे तेवढे जळत होते, पुढे मिट्ट काळोख. चाकामागे दगड. प्रवासी कठड्यापासून लांब, आतल्या अंगाला उभे. एक म्हातारे कंपाउंडर काठी आपटत होते.

"दिवे लावायची हौस! पहिल्याच दिवशी दरीत घातलं असतं आम्हाला. ऐन वळणात सगळं गुडूप! म्हणून म्हणतो, संध्याकाळची फेरी बाईमाणसाचं काम नव्हे."

बहीण टॉर्चच्या उजेडात चाकामागचा दगड पक्का करत होती. भाऊ दिसताच ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "दादा, माझं काय चुकलं रे? भलतंच बटण दाबलं का मी?"

बॉनेट उघडून दोन मिनिटांत सगळं निस्तरता आलं असतं. 'फ्यूज उडाला होता, झालं आता' एवढं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. कोणाला काही कळलंही नसतं. भिंगरीने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो कंपाउंडरांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"तिचं काही चुकलं नाही. मी काम अर्धं टाकून दुसरीकडे गेलो आणि 'झालं' म्हणून सांगितलं. हा फ्यूज बघा. हा गाडीत हवा होता, माझ्या खिशात राहिला."

कंपाउंडरांनी फ्यूज डोळ्यांजवळ नेला. "एवढासा?"

"एवढासाच. आणि वळणात दिवे गेल्यावर तिने गाडी दरीकडे न नेता इथे आणून टेकवली. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मी? मी डोळे मिटले असते," कंपाउंडर म्हणाले. बाकीचे हसले आणि मग नाइलाजाने तेही हसले.

बहिणीने टॉर्च धरला. चिमटे अजून कोमट होते. त्याने ते काढले, हेडलाइटचा जळका फ्यूज बदलला, निळा जागेवर बसवला, दोनदा दाबून पाहिला. तिने बटण दाबलं. रिले टक् वाजला आणि धुक्याखालून रस्त्याची कड लांबपर्यंत उजळली.

"पाच मिनिटं राहू दे चालू," तो म्हणाला. पाचाची दहा झाली, तरी तो वाकून बघतच होता.

"दादा, पुरे. माणसं गारठली."

"मी पुढे स्कूटर घालतो."

"तुझ्या त्या काजव्यामागून येऊ मी? घरी जा. वहिनी वाट बघत असेल." जीपमध्ये चढता चढता ती थांबली. "आयुष्यात पहिल्यांदा 'चुकलो' म्हणालास. चार साक्षीदार आहेत, विसरू नकोस."

"'चुकलो' असं नाही म्हटलं मी."

"तेच म्हटलंस."

कंपाउंडर सर्वांत आधी चढून पुढच्या सीटवर बसले होते. काठी बाहेर काढून ते म्हणाले, "चल बाई, घे. आता दिसतंय मला."

जीप गेली. भिंगरी घरी गेला नाही. स्कूटरला टेकून तो कानांनी वळणं मोजत राहिला. आवाज यायचा, डोंगराआड बुडायचा, पुन्हा यायचा. मग यायचा थांबला. वर पोचली म्हणून थांबला की मध्येच? तो चार पावलं चढावर गेला, परत फिरला, पुन्हा गेला. बराच वेळ असा गेल्यावर खिशातला फोन वाजला.

"पोचले. दिवे फार छान पडतात रे. कंपाउंडर परवा परत येताना माझ्याच गाडीने येणार म्हणतात."

"बरं," तो म्हणाला. त्याला आणखी बरंच बोलायचं होतं. "उद्या फेरी संपली की गाडी दुकानात आण. एकदा बघतो."

"आता काय बघायचं राहिलं?"

"बघू दे गं."

"आणते," ती म्हणाली.

त्याने फोन खिशात ठेवला. स्कूटर सुरू करण्याआधी तिचा पुढचा दिवा लागतो का, हे त्याने दोनदा पाहिलं, आणि मग उतार धरला.