प्रेमसिंगचा पुढचा ब्रेक

मंगरूळपीरच्या बस स्टँडामागे प्रेमसिंग राठोडचं गॅरेज आहे. पाटीबिटी काही नाही. तिची गरजही नाही, कारण जुनी गिअरची स्कूटर ढकलत कुणी गावात शिरलं की पानटपरीवाला न विचारताच हात करून रस्ता दाखवतो. बाकीच्या मेकॅनिकांनी या स्कूटरी कधीच भंगारात काढल्या, प्रेमसिंगनं मात्र त्यांना जीव लावला. इंजिनाच्या आवाजावरून तो दुखणं ओळखतो, आणि दुखणं हटलं नाही तर इंजिनालाच शिव्या घालतो. गिऱ्हाइकाला कधी नाही. ते काम त्याची बायको कस्तुराबाई करते.

हिवाळ्यात कारंजा लाडच्या बाहेर एका पडीक मैदानावर जुन्या स्कूटरच्या शर्यती होतात. मातीचा रस्ता, चार वळणं, दोरीच्या अल्याड माणसं, आणि भज्यांवर बसणारी धूळ. प्रेमसिंगची निळी स्कूटर तिथं वर्षानुवर्षं पळत आली. आधी तो स्वतः चालवायचा. गुडघ्यानं दगा दिल्यावर त्याच्या पोरीनं, राखीनं, हँडल धरलं. दिवसभर कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या विकणारी ही पोरगी मैदानात उतरली की भल्याभल्यांना मागे टाकायची, आणि पुढचे आठ दिवस प्रेमसिंग ते गावभर सांगत सुटायचा.

गेल्या हिवाळ्यात ती पडली. पहिल्याच वळणावर.

आता का पडली, ते नीट सांगितलं पाहिजे. आपल्या वऱ्हाडात स्कूटर शिकवताना पहिला धडा एकच असतो: पुढच्या ब्रेकले हात लावू नको, तोंडावर पडशील. प्रेमसिंगच्या बापानं त्याला तेच सांगितलं, त्यानं राखीला तेच सांगितलं. धडा अगदीच खोटाही नाही. या स्कूटरचं पुढचं चाक एका छोट्या भुजेवर बसवलेलं असतं आणि ब्रेकची प्लेटही त्याच भुजेला आवळलेली. ब्रेक दाबला की फिरतं चाक प्लेटला ओढतं, प्लेट भुजेला फिरवते, भुजा स्प्रिंगला दाबते आणि गाडी दंडवत घातल्यासारखी नाक खाली घालते. मग कोण कशाला त्या ब्रेकच्या वाटेला जाईल? सगळा गाव पायाच्या ब्रेकवर चालतो. पण वेगात, मातीत, नुसता पायाचा ब्रेक दाबला तर मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी जाते. राखीची तशीच गेली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड दोन महिन्यांत जुळलं. प्रेमसिंगची भीती काही गेली नाही. पोरगी स्कूटर बाहेर काढताना दिसली की त्याच्या हातातला पाना थांबायचा.

"बा, औंदा पयलं वळण मी सोडत नाई," राखी म्हणाली. घरात त्यांची बंजाऱ्यांची गोरबोली चालते, पण गॅरेजात सगळा कारभार वऱ्हाडीत. प्रेमसिंगला 'नको' म्हणायचं होतं. पण ज्या पोरीचं कौतुक आपण गावभर केलं, तिला कोणत्या तोंडानं अडवायचं? त्यानं न सांगता एक उद्योग केला. कार्बोरेटरचा मेन जेट काढला आणि बारीक छिद्राचा बसवला. पेट्रोल कमी गेलं की गाडी कमी पळेल. पोरगी हरेल, पण धडधाकट घरी येईल. एवढाच त्याचा हिशेब होता.

दिवाळीनंतरच्या सरावात तिसऱ्याच फेरीला इंजिन तापून खडखडायला लागलं. राखीनं क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली. तिथंच मातीत बसून तिनं कार्बोरेटर उघडला. बापाकडेच शिकलेली, तिला काय समजायला वेळ लागणार होता? जेट तळहातावर घेऊन ती प्रेमसिंगपुढे उभी राहिली.

"हा कोनं टाकला?"

"म्याच."

"काहून?"

"तू हळू चालली असती."

"टू-स्ट्रोक गाडी हाये बा. ऑइल पेट्रोलातच राह्यते, पेट्रोल कमी त ऑइल कमी. पिस्टन धरला असता त मांगचं चाक जागीच जाम झालं असतं. मंग?"

हे तर प्रेमसिंगनंच तिला शिकवलेलं. ज्या पडण्याची धास्ती घेतली होती, तेच पडणं त्यानं आपल्या हातानं गाडीत बसवून दिलं होतं.

"तोंडानं सांगाचं होतं," राखी म्हणाली. "मी काय गाडीच्या भरोशावर बसतो? तुया भरोशावर बसतो. आता मी मदनसिंगकाकाची गाडी चालवीन."

मदनसिंग म्हणजे प्रेमसिंगचा कारंज्याचा चुलतभाऊ. त्याचीही जुनीच स्कूटर, पुढून तशीच नाक घालणारी, आणि तिचा मागचा टायर तर गुळगुळीत. लेक आपल्या गाडीवर नाही, त्या गाडीवर बसणार, या विचारानं प्रेमसिंगचं जेवण सुटलं. राखी घरात सगळ्यांशी बोलायची, एका बापाला सोडून. शेवटी कस्तुराबाईच कडाडली.

"पोरगी पडली ब्रेकानं, अन् तुमी हात घातला इंजिनात! अकलेचे कांदे हाये का तुमी?"

आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, ती गोष्ट झाली. पण टोमणा बरोबर जागी लागला. दुसऱ्या दिवशी प्रेमसिंगनं निळी स्कूटर गॅरेजात घेतली आणि पुढचं चाक काढलं.

आधी त्यानं कुणालाही सुचेल ते केलं, पुढे जाड तारेची स्प्रिंग टाकली. नाक खाली जाईना. पण कच्च्या रस्त्यावर चाक बेडकासारखं उड्या मारू लागलं, आणि जे चाक जमिनीवर टिकत नाही त्याचा ब्रेक काय कामाचा? स्प्रिंग काढून तो संघदीपकडे गेला. संघदीपचं लेथचं दुकान आहे, शेजारी ट्रॅक्टरची कामंही होतात. त्या वेळी तो एका ट्रॅक्टरच्या टॉप लिंकची, म्हणजे नांगराला वरून बांधणाऱ्या दांडीची, पिन बदलत होता. प्रेमसिंग उभ्या उभ्या बघत राहिला.

"काय पाहून राह्यला रे?" संघदीपनं विचारलं.

"ही टॉप लिंक काढली त?"

"त मांगचा नांगर गरकन फिरून जाईन. खालच्या भुजा फक्त उचलतात. फिरू देत नाई ते हीच."

प्रेमसिंगनं संघदीपचा हातच धरला. ब्रेकची प्लेट भुजेपासून सोडवायची, आसावर बुशात, म्हणजे पितळेच्या नळीत, मोकळी बसवायची आणि एका दांडीनं वर फोर्कला बांधून टाकायची. ब्रेकचा ओढा दांडी खाईल, स्प्रिंगनं फक्त खड्डे बघावेत. नांगराला कळतं ते स्कूटरला का कळू नये?

संघदीपनं पितळी बुश कातून दिला, पण गुण लगेच थोडाच येतो! पहिली दांडी तिरपी बसली. ब्रेक दाबला की नाक उलट वर यायचं आणि हँडल थरथरायचं. फोर्कवरचा दांडीचा टेकू काढून वर सरकवला, दांडी भुजेला समांतर केली, तेव्हा कुठे थरथर थांबली. शॉकअपमध्ये जाड तेल भरलं. ब्रेकच्या शूंना खडू फासला, चाक फिरवलं, जिथं खडू पुसला तिथं घासलं, असं करत करत शू ड्रमला सगळीकडून टेकवले. शिव्या किती घातल्या त्याची गणती नाही.

मग तो गाडी घेऊन बाहेरच्या रस्त्यावर गेला, आणि तिथं नवीनच अडचण उभी राहिली. ब्रेक तयार होता, पण त्याची बोटं मिटेनात. जन्मभर बापाचा धडा पाळलेला हात ब्रेकवर नुसता पडून राहायचा आणि पाय मात्र आपोआप खाली जायचा. गाडी थांबवून तो स्वतःवरच चिडला. आपल्याच कामावर आपला भरोसा नाही, तर पोरीनं का ठेवावा? पुन्हा वेग घेतला, दात आवळले आणि बोटं दाबली. स्कूटर पुढून जराशी बसली, सरळ राहिली आणि थांबली. त्यानं परत केलं. मग परत. बाजाराला निघालेल्या बाया त्याच्याकडे बघून हसायला लागल्या, बहुतेक पिऊन आला असावा म्हणून. प्रेमसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही.

तो तसाच कृषी केंद्रावर गेला आणि गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली.

"काय पायजे?" राखीनं वर न बघता विचारलं.

"पुढचा ब्रेक बसवला. आता नाक घालत नाई." तो थांबला. "हात लावू नको म्हनलं होतं ना तुले, ते मी चुकीचं शिकोलं. चारी बोटं दाबाची."

"अन् जेट?"

"आधीचाच. मोठा."

"पाहीन," ती म्हणाली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. त्या एका शब्दाचा अर्थ लावत प्रेमसिंग घरी आला. गाडी पाहीन, की कुणाची चालवायची ते पाहीन? विचारायची हिंमत झाली नाही.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर दोन्ही स्कूटरी शेजारी उभ्या होत्या, मदनसिंगची आणि त्याची. राखी आली. कुणाशी न बोलता निळ्या गाडीशी बसली, पाना मागून घेतला आणि सगळ्यांच्या देखत कार्बोरेटर उघडला. माणसं जमली. बापानं बांधलेली गाडी लेक तपासते आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रेमसिंग मान खाली घालून उभा राहिला. हे आपल्याच करणीचं फळ आहे, हे त्याला पटलं होतं. तिनं जेटचा आकडा वाचला, जेट परत बसवला, हात पुसले आणि गाडीवर बसून किक मारली.

"ब्रेकबी पाहून घे," तो घाईनं म्हणाला. "दांडीचे नट पाह्य."

"नाई लागत."

"अवं, जेट पायला, मंग ब्रेक काहून नाई?"

"जेट तुया भेवानं टाकला होता, बा," राखी हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाली. "ब्रेक तूनं टाकला."

शर्यतीआधीच्या सरावाच्या फेरीला गाड्या सुटल्या. पहिलं वळण आलं तसे एकेकाचे पाय ब्रेकवर गेले, गाड्या मागून फरफटू लागल्या. राखी बाकीच्यांनी ब्रेक दाबला त्याच्याही पुढपर्यंत तशीच सुसाट गेली, आणि मागच्या वर्षी जिथं पडली होती तिथंच तिनं चारही बोटं दाबली.