लॉर्डसाहेब उभेच राहिले

मनोहरकाका गेले ते ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना. फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. पलीकडून त्यांची तेरा वर्षांची शिल्पा एवढंच म्हणाली, "मावशी, बाबा... ही इज नॉट गेटिंग अप." आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अर्धा ड्राइव्हवे साफ, अर्धा तसाच. या माणसानं एक गोष्ट म्हणून वेळेत पुरी केली नाही, असं मी रागानं पुटपुटले आणि तिथंच ढसाढसा रडले.

काका मूळचे वाईचे, कीर्तनकाराचा मुलगा. इथं अमेरिकेत रंगाच्या कंपनीत केमिस्ट. पिस्कॅटवे गावात आमच्या मराठी मंडळाचा गणपती शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. तिथं काकांचं कीर्तन, पेटीवर मी. आणि आख्यान कुणाचं? तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज लॉर्डाचं! "अहो काका, ध्रुव-प्रल्हाद ओस पडले का?" मी विचारलं होतं. तर म्हणाले, "प्रल्हाद माझ्या पोरीच्या गळी उतरत नाही गं. शाळेत तिला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आहे. हा बाबा त्या युद्धाविरुद्ध आपल्याच राजापुढे उभा राहिला. एकदा तिनं मराठीत अख्खी गोष्ट ऐकावी, बस. मग मी मोकळा."

डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, पायात ऑफिसचे मोजे, हातात चिपळ्या. लॉर्डसाहेबांचं बालपण, त्यांचं शिकारीचं वेड, राजाची मर्जी, तरुणपणीच मिळालेलं मंत्रिपद... सगळं साकी-दिंडीत! "विग म्हणजे काय मंडळी? आपल्या पगडीची गोरी चुलतबहीण!" म्हटलं की पहिल्या रांगेतली शिल्पा खुदकन हसायची. पण काकांना फाटे फोडायची भारी हौस. पार्लमेंट समजावायला म्हणून जे निघायचे ते थेट वाईच्या नगरपालिकेत शिरायचे. अखेर राजाची मर्जी झुगारून लॉर्डसाहेब भर सभेत बोलायला उभे राहायचे, आणि नेमकी तेव्हाच मागे मसालेभाताच्या ट्रेंवरची फॉइल करकरायला लागायची. सेक्रेटरी घड्याळ दाखवत ओरडायचे, "काका, रॅप अप करा! हॉल रिकामा करायचाय, आरती राहिलीय!" काका चिपळ्या मिटायचे. "लॉर्डसाहेब उभे राहिलेत मंडळी... बोलतील पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, कारण नवी मंडळी आलेली असायची! मी चिडायचे. "अहो, डायरेक्ट भाषणापासून सुरू करा ना." तर म्हणायचे, "बालपण टाळून माणूस कसा कळेल गं?" मी कपाळावर हात मारून घ्यायचे! शिल्पा दर वर्षी गाडीत विचारायची, "बट डिड ही विन, बाबा?" आणि काका म्हणायचे, "कीर्तनात ऐकशील."

काकांच्या घरी बेसमेंटमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची, तिथंही तीच गत. हीटिंगच्या जाळीतून खालचा शब्दन् शब्द वर ऐकू जायचा. लॉर्डसाहेब उभे राहिले रे राहिले, की वरून काकूंची हाक, "अहो, पानं वाढलीत! निवतंय सगळं!" काका लगेच पगडी काढायचे. अन्नाला थांबवू नये म्हणायचे. माणसाला मात्र आम्ही सगळ्यांनी खुशाल थांबवलं, याची फार चुटपुट लागते.

तेरावा झाल्यावर एका दुपारी शिल्पा मला खाली घेऊन गेली. पेटी तिथंच होती, वर चिपळ्या आणि पगडी. म्हणाली, "मावशी, प्ले करशील? बाबांचं?" शेवट लायब्ररीतल्या पुस्तकात सापडेलही... पण आम्हाला तो काकांच्या तोंडून हवा होता. मी सूर धरला. तिनं चिपळ्या घेतल्या आणि म्हणायला लागली. बालपण, शिकार, विग, राजा. अडखळत, अमेरिकन हेल काढत, पण सगळं मराठीत, सगळं पाठ! मी भाता मारत राहिले आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

लॉर्डसाहेब उभे राहिले. शिल्पा थांबली, मीही थांबले. दोघींनी नकळत वर जाळीकडे बघितलं.

हाक आली नाही. काकू जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"थांबलात का गं?" त्या म्हणाल्या. "आज मी हाक नाही मारली."