पंपघराच्या भिंतीवरची बारीक ओळ

पांढरे हे त्याचं आडनाव नव्हतं. पालिकेत तेहतीस वर्षं चुना, डिस्टेंपर आणि प्रायमर मारून त्याच्या भुवयासुद्धा कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या, म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नवीन लागलेले लोक त्याला खुशाल ‘पांढरेसाहेब’ म्हणायचे. तो हो म्हणायचा. दुरुस्त करत बसायचा त्याला कंटाळा होता.

मी त्याच खात्यात कारकून. कुठली भिंत कधी रंगवायची, ते हुकूम मी टाइप करायचो. त्या वर्षी एक हुकूम मी सतरा वेळा टाइप केला.

झालं असं, की स्वतःच गाणी लिहून स्वतःच गाणारा एक लोकप्रिय गायक एका सकाळी व्यायाम करता करता गेला. बावन्न वर्षांचा. त्याची पहिली गाणी ज्या लहानशा स्टुडिओत झाली, त्याच्या समोर आमच्या पाण्याच्या पंपघराची लांबलचक भिंत आहे. दुपारपर्यंत तिथे माणसं जमली. कुणी फुलं ठेवली, कुणी नुसतंच उभं राहिलं. मग कुणीतरी मार्कर काढला. आठवडाभरात, हात पोचेल तिथवर भिंत काळी-निळी झाली. वरून फर्मान आलं : सरकारी भिंत आहे, दर सोमवारी स्वच्छ झाली पाहिजे.

पांढरेची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. उजवा खांदा वर जायला तयार नव्हता, गुडघे तर केव्हाच रुसले होते. त्यात मार्करची शाई मोठी हट्टी. रंगाच्या एका हातात दबत नाही, पांढऱ्यातून पुन्हा वर डोकावते. आधी घासा, मग प्रायमर, मग दोन हात रंग. सोमवार संपला की माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा.

तरी तो एक काम जास्तीचं करायचा. रंग मारण्याआधी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायचा.

“कशाला वेळ घालवता?” मुकादमाने विचारलं.

“न वाचता पुसलं, तर कुणी बोलत असताना उठून गेल्यासारखं वाटतं,” तो म्हणाला.

आमच्याकडे चहाला आला की मधूनमधून तो एखादी ओळ सांगायचा. ‘आमचा घटस्फोट झाला, कॅसेट मी ठेवून घेतल्या.’ ‘बाबा गेले तेव्हा इतका रडलो नव्हतो. बाबा, माफ करा.’ सांगताना आवाजात काही नसायचं. पाण्याच्या मीटरचा आकडा वाचावा, तसं सांगायचा.

एकदा ऑफिसची बॅग खांद्यावर घेतलेली एक बाई त्याच्या अंगावरच आली. “काल रात्री लिहिलंय मी ते! तुम्हाला मन आहे की नाही?”

“आहे हो ताई. पण नोकरी पण आहे. तुम्ही पुन्हा लिहा, मी पुढच्या सोमवारी येतो.”

बाई आधी बघतच राहिली, मग हसली, मग रडायला लागली. याने बादली उलटी करून तिला बसायला दिली आणि कामाला लागला.

हे सगळं तो घरीही बायकोला सांगायचा, जेवता जेवता. बाकी त्यांच्यात बोलणं फारसं उरलं नव्हतं. मुलगी लग्न करून लांब गेलेली. बायको दिवसभर मशीनवर गाद्या-उश्यांचे अभ्रे शिवायची. हा यायचा, अंगावरचा रंग घासून काढायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. शिणवटा होता.

तेराव्या सोमवारी भिंतीच्या शेवटच्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, त्याला बॉलपेनने लिहिलेल्या बारीक ओळी दिसल्या. वाचायला खाली बसावं लागलं. पहिल्याच ओळीतला ‘ळ’ बघून तो थबकला. असा चष्म्यासारखा ‘ळ’ फक्त त्याच्या घरातल्या वाणसामानाच्या यादीत असायचा.

‘तू गेलास. इतकी वर्षं दुपारच्या वेळी माझ्या घरात रेडिओवरून तूच बोलत होतास. मी उत्तरं पण द्यायचे, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हती. आता फार शांत वाटतं. इथे लिहू नये हे माहीत आहे. आमच्याच घरातलं माणूस हे पुसतं. त्याला त्रास नको म्हणून बारीक लिहिलं आहे.’

बाकीची भिंत संपली तरी तेवढा तुकडा राहिलाच. मुकादम आला. “पांढरे, इथलं राहिलं.”

“दिसतंय मला.”

“मग?”

“घरचं आहे.”

मुकादमाने वाकून वाचलं. मग म्हणाला, “राहू दे की. एवढंसं कोण बघतंय?”

“बाकीच्यांचं पुसलं ना मी,” पांढरे म्हणाला. त्याने रोलर ठेवला, लहान ब्रश घेतला आणि गुडघे टेकून पुसलं.

संध्याकाळी घरी गेला तो हात न धुताच मशीनपाशी उभा राहिला.

“तू लिहिलंस भिंतीवर?”

“वाचलंत?”

“वाचलं.”

“पुसलंत?”

“पुसलं.”

“किती हात लागले?”

“एक.”

“मग झालं तर.” तिने दोरा तोडला.

“अगं, पण मला घरी सांगायचंस ना.”

“कधी?”

सुईत पुन्हा दोरा ओवत ती म्हणाली, “तिथे तुम्ही सगळ्यांचं वाचता, असं तुम्हीच सांगितलंत. म्हटलं, आपलंही वाचतील.”

हे त्याने मला दोन दिवसांनी सांगितलं, रजेचा अर्ज देताना. बुधवारची अर्धी रजा. कारणापुढे त्याने ‘घरी काम’ असं लिहिलं होतं. त्याच्या अकरा अर्ध्या रजा शिल्लक निघाल्या आणि त्याने ओळीने अकरा बुधवार मागितले. मी सही घेऊन दिली.

“घरी काय करता दुपारचं?” मी एकदा विचारलं.

“ती शिवते, मी बसतो. रेडिओ चालू असतो. गाणं लागलं की ती सांगते, हे त्याने आई गेल्यावर लिहिलं, हे पहिलं लग्न मोडल्यावर. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तिला किती माहिती आहे, बघा! मला ठाऊकच नव्हतं.”

सतराव्या आठवड्यानंतर भिंतीवर फारसं कुणी लिहीना. हुकूम बंद झाले. पांढरेला शाळेच्या इमारतींवर टाकलं, तिथे शिड्या होत्या, म्हणजे खांद्याचे जास्तच हाल. अकरा बुधवारही संपले.

“आता काय करणार?” मी विचारलं.

तो चहाचा कप खाली ठेवून खांदा चोळत राहिला. “काय करणार? संध्याकाळी बसतो थोडा वेळ. ती बोलते. मी जागा असलो तर ऐकतो.”

आणि शिडी उचलायला गेला.