परसातला कोपरा

माझं माहेर लोणी भापकरचं, भाजीपाला पिकवणारं. सासर निरवांगीचं, उसाचं. लग्न होऊन आले तर दाराला टेकलेला ऊस, आणि वांगी-मिरच्या मात्र बाजारातून! मला काही ते पटलं नाही. परसात एक कोपरा मोकळा होता, तो मी सासऱ्यांकडे मागितला.

त्यांना सगळे आबा म्हणतात. ते हसले. "उसवाल्याच्या परसात वांगी? कर बापडे. पर उसाच्या लागणीपतोर ताटात भाजी दिसली न्हाय, तर कोपरा उसाला."

"दिसंल की," मी म्हटलं. मला खात्रीच होती.

वांगी-मिरचीची रोपं तरारली आणि मी चार दिवस माहेरी गेले. जाताना आबांना म्हणाले, "पाण्याकडं तेवढं बघा." तिथंच घोटाळा झाला. माहेरी आम्ही रोपाला पाणी बेताबेतानं पाजतो. उसाच्या माणसाला पाणी म्हणजे तुडुंब. आबांनी रोज मोटर लावून लाडानं कोपरा भरून काढला. परत आले तर रोपं पिवळी पडून माना टाकलेली, आणि शेजारी आबा शाबासकीची वाट बघत उभे.

"कमी पडू दिलं न्हाय बग."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आबा, वांग्याला पोहता येत न्हाय!" मी म्हटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आबा स्वतः फावडं घेऊन कोपऱ्यात. मी सांगत गेले, ते माती ओढत गेले. उंच वाफे झाले. माहेराहून नवी रोपं आली. "मोटरीला हात लावायचा न्हाय," मी बजावलं. "व्हय बाई," म्हणाले, आणि रोज तांब्या घेऊन रोपांपाशी बसू लागले.

पण मधले दिवस वाया गेले होते. लागणीसाठी ट्रॅक्टर आला तेव्हा झाडांना फुलं होती, वांगी जेमतेम बोराएवढी. ताटात काहीच नव्हतं. तरी कोपरा सोडायचा नाही, असं ठरवून मी पदर खोचून बाहेर आले.

आबा आधीच ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभे होते.

"हितनंच माघारी वळव," ते ड्रायव्हरला सांगत होते. "पुढं माझी वांगी हायत. बारकी हायत अजून."

भांडण गिळून मी आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.